एक पान, अनेक पालक: गव्ह.यूकेवरच्या ब्रेडक्रंबचं प्रकरण

१७ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटनमध्ये डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन मोठ्या सरकारी वेबसाइटची जागा गव्ह.यूकेने घेतली. पहिली सामान्य नागरिकांसाठी होती, दुसरी व्यावसायिकांसाठी. मग मंत्रालयांची पाळी आली. २०१३ च्या वसंतात २४ मंत्रालयीन विभाग आणि २०१४ च्या अखेरीपर्यंत तीनशेहून अधिक संस्था आपापल्या वेबसाइट सोडून याच एका पत्त्यावर आल्या. प्रत्येक संस्थेने पानं आणली, आणि त्या पानांसोबत आपापली जुनी वर्गवारीही आणली.

ब्रेडक्रंबची, म्हणजे पानाच्या डोक्यावर दिसणाऱ्या ‘होम › विभाग › उपविभाग’ अशा दुव्यांच्या ओळीची, खरी अडचण इथून सुरू होते. पन्नास पानांच्या वेबसाइटवर ही ओळ अर्ध्या दिवसाचं काम आहे. लाखांच्या घरात पानं असली, आणि एकाच पानावर तीन वेगवेगळ्या वर्गवाऱ्या हक्क सांगत असल्या, की ओळीत नेमकं कोणतं नाव लिहायचं हा वर्षानुवर्षांचा प्रश्न होतो. बाण कसा दिसावा, अक्षर किती मोठं असावं यावर टीमा तासन्‌तास बोलतात. त्या पानाचा पालक, म्हणजे ते ज्याच्याखाली येतं तो वरचा विभाग, कोण, हे ठरवायला मात्र कुणी बसत नाही. गव्ह.यूकेच्या टीमला ते ठरवावंच लागलं, म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे.

ओळीचं काम काय होतं

अशा वेबसाइटवर येणारी बहुतेक माणसं मुखपृष्ठावरून आत शिरत नाहीत. गूगलवर शोधतात आणि थेट आतल्या पानावर उतरतात. उतरल्यावर निम्म्या वेळा पान बरोबर असतं, उरलेल्या वेळा ‘जवळपास बरोबर’ असतं. गाडीच्या कराबद्दल शोधणारा कराच्या दरांच्या तक्त्यावर येऊन पोचतो. पण त्याला गाडी काही महिने रस्त्यावर आणायचीच नसते, म्हणजे त्याला कर भरायचा नसून गाडी वापरात नसल्याची नोंद करायची असते. वरच्या ओळीत ‘होम › ड्रायव्हिंग अँड ट्रान्स्पोर्ट › व्हेइकल टॅक्स, एमओटी अँड इन्शुरन्स’ असं असेल, तर शेवटच्या दुव्यावर एक क्लिक केली की कर, वार्षिक तपासणी, विमा आणि ‘गाडी वापरात नाही’ ही सगळी पानं एका यादीत समोर येतात. ब्रेडक्रंबचा सगळ्यात मोठा उपयोग हाच: चुकून शेजारच्या दारात आलेल्या माणसाला एक पायरी वर नेणं. ‘तुम्ही इथे आहात’ हे सांगणं त्यामानाने दुय्यम आहे.

एवढं मान्य केलं की एक जुनी चूक आपोआप टळते. काही वेबसाइटवर ही ओळ वापरकर्ता ज्या पानांवरून आला त्यांचा माग दाखवते. ब्राउझरचं मागे जायचं बटण तेच काम करतं. शिवाय गूगलवरून आलेल्याला मागच नसतो. त्याच्या ओळीत फक्त ‘होम’ उरतं, आणि नेमकी त्यालाच ओळीची सर्वांत जास्त गरज असते. ओळ रचनेतलं स्थान दाखवणारी हवी, प्रवास दाखवणारी नको.

पत्त्यातून ओळ का काढली नाही

अनेक तयार प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचे छोटे प्रोग्राम, पानाचा पत्ता तिरक्या रेघेवर तोडतात आणि त्या तुकड्यांची ओळ बनवतात. गव्ह.यूकेवर हे चाललंच नसतं, आणि त्याची कारणं दोन आहेत.

नागरिकांसाठीच्या पानांचे पत्ते मुद्दाम सपाट ठेवले आहेत. गाडीच्या कराचं पान ‘गव्ह.यूके/व्हेइकल-टॅक्स’ इथे असतं. मध्ये ‘ड्रायव्हिंग’ वगैरे काही नाही. असा पत्ता टपालाने येणाऱ्या पत्रावर छापता येतो, फोनवर सांगता येतो. उद्या कराचं पान दुसऱ्या उपविभागात हलवलं तरी छापलेली पत्रं खोटी ठरत नाहीत. असा पत्ता तोडला तर हातात काहीच लागत नाही.

विभागांच्या पानांचं उलट आहे. त्यांतल्या पुष्कळांचा पत्ता ‘गव्हर्न्मेंट/पब्लिकेशन्स’ असा सुरू होतो. तो तोडला तर ओळ होते ‘होम › गव्हर्न्मेंट › पब्लिकेशन्स’. हे खोटं नाही, पण निरुपयोगी आहे: ते कागदाचा प्रकार सांगतं, विषय सांगत नाही. शाळेतल्या अपंग मुलांच्या सोयींबद्दल वाचणाऱ्या आईला सरकारच्या सगळ्या प्रकाशनांची यादी नको असते.

म्हणून पत्ता एकीकडे आणि पालक दुसरीकडे, अशी फारकत करावी लागली. पालक पानाच्या नोंदीत, टॅग म्हणजे विषयाची चिठ्ठी म्हणून राहतो. वर्गवारी बदलली की टॅग बदलतो, पत्त्याला हात लागत नाही. लहान वेबसाइटनेही पहिल्या दिवसापासून उचलावी अशी ही एकच गोष्ट निवडायची तर मी ही निवडेन, कारण नंतर पत्ते बदलायचे म्हणजे शेकडो रीडायरेक्ट, जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारे नियम, लिहायचे.

खात्याचं नाव ओळीत नको

गाडी चालवायला शिकणाऱ्याचं उदाहरण घ्या. शिकाऊ लायसन्स डीव्हीएलए देते. थिअरी आणि रस्त्यावरची परीक्षा डीव्हीएसए घेते. दोन्ही संस्था वाहतूक खात्याच्या, पण वेगळ्या. सतरा वर्षांच्या मुलाला हा फरक माहीत नसतो आणि माहीत असण्याचं कारणही नाही. ओळ खात्यांप्रमाणे लावली असती तर एकाच कामाची पानं दोन वेगळ्या फांद्यांवर गेली असती, आणि परीक्षेच्या पानावरून एक पायरी वर गेल्यावर लायसन्सचं पान दिसलंच नसतं. गव्ह.यूकेवर खात्याचं नाव विभागांच्या पानांवर मजकुराच्या माहितीत, ‘कोणाकडून’ या सदरात येतं. वरच्या ओळीत विषय असतो.

ही गोष्ट बैठकीत मान्य करून घेणं कठीण जातं. प्रत्येक खात्याला ओळीत आपलं नाव हवं असतं. वाद टाळायचा तर मागणी आली की एकच विचारावं: या नावावर क्लिक करून जी यादी उघडेल, ती त्या पानावरच्या वाचकाच्या उपयोगाची आहे का? बहुतेक वेळा त्या यादीत मंत्र्यांचे फोटो आणि वार्षिक अहवाल असतात.

तीन झाडांचं एक झाड

सुरुवातीच्या काही वर्षांत गव्ह.यूकेवर विषयांची किमान तीन झाडं एकाच वेळी वाढत होती. नागरिकांसाठी ‘ब्राउझ’ विभाग, व्यावसायिक जाणकारांसाठी ‘टॉपिक’, आणि सरकारी धोरणांसाठी ‘पॉलिसी’. एखादं पान तिन्हींत असायचं, एखादं कशातच नसायचं. मग सगळ्या मजकुरासाठी एकच विषयवृक्ष बांधायचं काम हाती घेतलं आणि सुरुवात शिक्षण या विषयापासून केली. सगळं एकदम न करता एक विषय पुरा करून पुढे जाणं शहाणपणाचं होतं, कारण झाड चुकीचं बांधलंय हे शेकडो पानं त्यावर टांगल्यावरच कळतं.

झाड तपासताना चार गोष्टी बघाव्या लागतात. प्रत्येक मूल पालकाच्या विषयात पूर्ण मावलं पाहिजे. ‘शिष्यवृत्ती’ ही ‘शाळा’ खाली टाकली तर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्त्या बाहेर पडतात. नाव एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे. गूगलवरून आलेला माणूस ओळीतला फक्त शेवटचा शब्द वाचतो, आणि तिथे नुसतं ‘मार्गदर्शन’ असेल तर कशाचं, हे त्याला कळत नाही. पातळी रिकामी नको. जिच्याखाली एकच मूल आहे ती पातळी काढून टाकावी. आणि नाव लोकांच्या तोंडचं हवं. त्यासाठी पंधरा-वीस वापरकर्त्यांना पानांची नावं कार्डांवर देऊन गट लावायला सांगावं; नंतर फक्त मजकुरी झाड दाखवून ‘अमुक गोष्ट कुठे शोधाल?’ विचारावं. दुसऱ्या चाचणीत रंग, मेनू, चित्रं काही दाखवायची नाहीत, नाहीतर लोक झाडाऐवजी पानाच्या देखाव्यावरून अंदाज बांधतात.

टॅग लावताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या असतात. घाईतला संपादक पान थेट वरच्या विषयाला टांगतो, मग ओळ ‘होम › शिक्षण’ एवढीच उरते आणि वर गेल्यावर हजारो पानांचा ढीग दिसतो. धास्तावलेला संपादक पानाला सात-आठ टॅग लावतो, म्हणजे मुख्य पालक कोण हे यंत्राला ठरवावं लागतं. तिसरा ‘इतर’ नावाची फांदी मागतो. ती देऊ नये. सहा महिन्यांत ती सगळ्यात जाड फांदी होते.

पालक निवडायचा क्रम

एकच झाड बांधलं तरी जुन्या वर्गवाऱ्या एका रात्रीत जात नाहीत. ओळ बनवणाऱ्या भागाला म्हणून एक ठरलेला क्रम दिला. पान एखाद्या ‘स्टेप बाय स्टेप’, म्हणजे एखादं काम टप्प्याटप्प्याने करून नेणाऱ्या, मार्गाचा भाग असेल, तर आधी त्या मार्गाचं नाव. तसं नसेल आणि पान संपादकांनी हाताने लावलेल्या ‘ब्राउझ’ विभागात असेल, तर तो विभाग. तेही नसेल तर विषयवृक्षातला टॅग.

हा क्रम तडजोडीचा आहे. दोन शेजारची पानं वेगवेगळ्या झाडांतल्या ओळी दाखवू शकतात, आणि त्याचं कारण वाचकाला कधीच दिसत नाही. पण हाताने निवडलेलं यंत्राने काढलेल्याच्या वर ठेवलं, हे योग्यच आहे. दुसरं म्हणजे क्रम एकाच जागी, एका सामायिक घटकात लिहिला आहे. बातमीचं पान, मार्गदर्शनाचं पान, अर्जाचं पान अशा प्रत्येक साच्यात वेगळा नियम लिहिला की वर्षभरात पाच नियम होतात आणि ते कुणालाच पाठ नसतात.

ओळ जिथे माघार घेते

२०१८ मध्ये ‘लर्न टू ड्राइव्ह अ कार’ हा टप्प्याटप्प्याचा मार्ग आला. गाडी चालवायची परवानगी आहे का ते तपासा, शिकाऊ लायसन्स काढा, सराव करा, थिअरी परीक्षेची तयारी करा, ती परीक्षा ठरवा, मग रस्त्यावरची, आणि उत्तीर्ण झाल्यावर काय. इथे वर-खाली जाण्यापेक्षा पुढे-मागे जाणं महत्त्वाचं आहे. विषयाची ओळ ‘ड्रायव्हिंग लायसन्सेस’ असं म्हणाली तर ती खोटी नसते, पण थिअरी परीक्षेच्या आधी शिकाऊ लायसन्स लागतं हे ती सांगत नाही.

म्हणून या पानांवर नेहमीची ओळ काढून तिथे ‘अमुक मार्गाचा भाग’ असा दुवा येतो आणि बाजूला सगळे टप्पे दिसतात. दोन्ही एकदम दाखवले असते तर पानाच्या डोक्यावर दोन पालक उभे राहिले असते.

आता गुंता असा की एकच पान अनेक मार्गांत असू शकतं. यावर तोडगा साधा काढला: मार्गाच्या पानावरून जो दुवा उघडतो त्याच्या पत्त्याला शेवटी त्या मार्गाचा ओळखक्रमांक जोडलेला असतो. तो असला की पान त्याच मार्गाचे टप्पे उघडून दाखवतं. नसला आणि मार्ग अनेक असले, तर कुठलाच एक मार्ग न लादता संबंधित मार्गांचे दुवे देतं. हीच माहिती कुकीत, म्हणजे वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये, ठेवली असती तर दुवा दुसऱ्याला पाठवल्यावर हरवली असती, आणि सर्व्हरपुढच्या कॅशमध्ये साठवलेलं पान चुकीच्या माणसाला चुकीच्या मार्गासह दिसण्याचा धोका राहिला असता. मात्र पत्त्याला शेपूट लावलं की पानाच्या शीर्षभागात मूळ पत्ता ‘कॅनॉनिकल’ म्हणून नोंदवायला हवा. नाहीतर शोधयंत्र एकाच पानाच्या पाच प्रती मोजतं.

अर्ज भरण्याच्या पडद्यांवरही ब्रेडक्रंब नको, असं गव्ह.यूकेची डिझाइन सिस्टीम, म्हणजे पानं कशी बांधायची याची नियमावली, सांगते. तिथे फक्त ‘मागे’ हा दुवा, आणि ‘मागे’ व ब्रेडक्रंब एकाच पानावर कधीही नाहीत. कारण उघड आहे: अर्धा अर्ज भरलेला माणूस वरच्या दुव्यावर क्लिक करून बाहेर पडला की त्याची भरलेली माहिती जाऊ शकते. सपाट रचनेच्या वेबसाइटवरही ओळ लावू नये असंच तिथे म्हटलंय. तीन-चार विभागांच्या दुकानाच्या वेबसाइटला मेनू पुरेसा असतो.

बांधणी

ओळ पानाच्या वरच्या भागात, मजकूर ज्यात असतो त्या ‘मेन’ या मुख्य घटकाच्या आधी येते. जागा महत्त्वाची आहे: ‘थेट मजकुराकडे जा’ हा दुवा वापरणारा कीबोर्डधारी माणूस मेनूसोबत ब्रेडक्रंबही ओलांडून जातो. ओळ ‘मेन’च्या आत ठेवली तर प्रत्येक पानावर त्याला तीन-चार जादा टॅब दाबावे लागतात.

आतली रचना एचटीएमएलमधल्या क्रमांकित यादीची, म्हणजे ‘ओएल’ची, आणि तिच्याभोवती ‘नॅव्ह’ हा दुव्यांच्या गटाचा घटक. ‘नॅव्ह’ला ‘एरिया-लेबल’ने नाव द्यायचं, कारण पानावर मेनूसाठी आणखी एक ‘नॅव्ह’ असतोच आणि स्क्रीन रीडर (अंध वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) दोन्हींना ‘नेव्हिगेशन’ एवढंच म्हणेल. दुव्यांमधली खूण सीएसएसने, म्हणजे पानाचा देखावा ठरवणाऱ्या भाषेतून, दाखवायची. मजकुरात ‘›’ टाइप केली तर काही स्क्रीन रीडर प्रत्येक वेळी ती मोठ्याने वाचतात.

चालू पानाचं नाव ओळीत हवं की नको यावर मतभेद आहेत. गव्ह.यूकेची ओळ पालकापाशी थांबते, कारण लगेच खाली मोठ्या अक्षरांत शीर्षक असतंच. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या नमुन्यात चालू पानही असतं आणि त्याला ‘हेच चालू पान’ असं स्क्रीन रीडरला सांगणारी ‘एरिया-करंट’ची खूण असते. शीर्षक लांब असेल तर पहिली पद्धत बरी. मोबाइलवर एका पूर्ण ओळीची जागा वाचते. दुसरी घेतलीत तर ती खूण विसरू नका.

मोबाइलवर चार पातळ्या मावत नाहीत. गव्ह.यूकेच्या घटकात अशा वेळी फक्त पहिला आणि शेवटचा दुवा ठेवण्याचा पर्याय आहे: होम आणि थेट पालक. मधल्या पातळ्या लोक क्वचितच वापरतात. ओळ आडवी सरकवायला लावणं मात्र टाळावं. सुरुवातीला डाव्या टोकाचं ‘होम’ दिसतं आणि सर्वांत उपयोगी शेवटचा दुवा पडद्याबाहेर राहतो. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीप्रमाणे स्पर्शाची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवी, म्हणून दुव्यांना वर-खाली थोडी पॅडिंग द्यावी, आणि ३२० पिक्सेल रुंदीवर पान उघडून बघावं.

शोधयंत्रासाठी हीच ओळ ‘ब्रेडक्रंबलिस्ट’ म्हणून जेसन-एलडीत, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा नोंदीत, द्यायची: प्रत्येक दुव्याचा क्रमांक एकपासून, नाव आणि पूर्ण पत्ता, किमान दोन नोंदी. दिसणारी ओळ आणि ही यादी एकाच माहितीतून निघाली पाहिजे, नाहीतर एक बदलते आणि दुसरी जुनीच राहते. जानेवारी २०२५ पासून गूगल मोबाइलच्या निकालांत ब्रेडक्रंब दाखवत नाही, फक्त डोमेन दाखवतं. डेस्कटॉपवर अजून दाखवतं.

मराठी वेबसाइटवर हेच करताना

खात्याचा मोह आपल्याकडे जास्तच. सातबाऱ्याचं पान ‘महसूल विभाग › भूमी अभिलेख › सेवा’ असं टांगलं जातं. शेतकऱ्याच्या डोक्यात ते ‘जमीन’ असतं. ‘मुख्यपान › जमीन › सातबारा आणि फेरफार’ ही ओळ लहानही आहे आणि एक पायरी वर गेल्यावर फेरफार, मिळकत पत्रिका, मोजणी ही सख्खी पानं एकत्र दिसतात.

देवनागरी पत्ता ठेवायचा विचार असेल तर एक हिशेब करून बघा. ‘सातबारा’ या शब्दात सात युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि पत्त्यात टक्क्याची (%) खूण लावून लिहिल्यावर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं: एकूण ६३. व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला तर कित्येकदा तो टक्क्यांचा ढिगारा म्हणूनच दिसतो. पत्ता लहान रोमन ठेवून मराठी नाव ब्रेडक्रंबमध्ये आणि जेसन-एलडीत देणं जास्त सोयीचं.

लांब नाव कापायचं असेल तर सर्व्हरवर चिन्हं मोजून कापू नका. ‘क्षेत्र’सारख्या शब्दात जोडाक्षर मध्येच तुटतं आणि शेवटी लटकता हलन्त उरतो. नाव संपादकानेच लहान लिहावं. टॅगच्या नोंदीत पूर्ण नाव आणि ओळीसाठीचं नाव असे दोन रकाने ठेवले की काम भागतं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी हवी, नाहीतर दुव्याखालची रेघ उकारांना कापते. आणि पानाला भाषेची खूण ‘एमआर’ लावा. ती नसली की स्क्रीन रीडर मराठी नावं इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करतो किंवा गाळून टाकतो.

चालू झाल्यावर काय बघायचं

ओळीवरच्या एकूण क्लिक मोजून फारसं कळत नाही. त्या नेहमीच कमी असतात, आणि तेवढ्यावरून ‘कुणी वापरत नाही, काढून टाका’ असा निष्कर्ष निघतो. क्लिक पातळीप्रमाणे वेगळ्या मोजा. शेवटच्या दुव्यावर क्लिक करून लोक पालकाच्या पानावर जातात आणि तिथून दुसरं मूल निवडतात, तर ओळ आपलं काम करतेय. पालकाच्या पानावरून परत शोधपेटीकडे वळत असतील तर त्या पालकाची यादी तपासा. एखाद्या पानावरून वर जाणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या पानांपेक्षा फारच जास्त असेल, तर बहुधा त्या पानाचं शीर्षक गूगलमध्ये भलत्याच लोकांना खेचतंय. दोष ओळीचा नसतो.

महिन्यातून एकदा यंत्राकडून तीन याद्या काढाव्यात: टॅगच नसलेली पानं, थेट वरच्या पातळीला टांगलेली पानं, आणि ज्यांचा पालक मागे घेतला गेलाय अशी पानं. तिसरी यादी सर्वात छोटी असते, पण तिच्यावर आधी काम करावं, कारण तिथे ओळीतला दुवा ‘पान सापडत नाही’वर जाऊन आदळतो. म्हणूनच विषय बंद करण्याच्या बटणाआड एक अट घालून ठेवावी: खाली लटकलेल्या प्रत्येक पानाला नवा पालक दिल्याशिवाय विषय बंद होणार नाही.